छोट्या विद्यापीठात घडणारा विषयशिक्षक

फिनलंडमधल्या शाळेत पहिली ते सहावीच्या मुलांना बहुतेक सगळे विषय एकच शिक्षक शिकवतो. सातवीपासून गणिताला एक शिक्षक, इतिहासाला दुसरा, परभाषेला तिसरा अशी विभागणी सुरू होते. मूल सातव्या वर्षी पहिलीत जात असल्याने त्याची विषयशिक्षकाशी खरी गाठ तेराव्या वर्षी पडते. नववीनंतरच्या तीन वर्षांच्या उच्च माध्यमिक शाळेतही हाच शिक्षक शिकवतो. पहिलीला शिकवणारा असो की बारावीला, दोघांकडे पाच वर्षांच्या अभ्यासाची पदव्युत्तर पदवी असावी लागते. पण त्यांची घडण वेगळी असते. पहिला शिक्षणशास्त्राच्या विभागात वाढतो, तर दुसरा आधी रसायनशास्त्रज्ञांमध्ये, इतिहासकारांमध्ये किंवा भाषाभ्यासकांमध्ये वाढतो आणि मग वर्गाकडे वळतो. या वळणाची जागा कुठे असावी, ते किती लवकर यावे आणि विषय व अध्यापन यांचा सांधा कोणी जुळवावा, हे विषयशिक्षकाच्या शिक्षणातले जुने प्रश्न आहेत. ते नीट पाहायचे तर एखादे छोटे विद्यापीठ निवडणे सोयीचे, कारण तिथे या व्यवस्थेचे सगळे दुवे उघडे दिसतात.

ओबू अकादेमी हे असेच एक विद्यापीठ. फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या तुर्कू शहराला स्वीडिश भाषेत ओबू म्हणतात. विद्यापीठाची स्थापना १९१८ सालची असून दुसऱ्या वर्षी वर्ग सुरू झाले. इथे शिकवण्याची भाषा स्वीडिश आहे. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि शिक्षण, न्यायदान, कारभार हे सारे स्वीडिशमध्ये चाले. फिनिश माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा १८५८ साली युवास्क्युला इथे निघाली, तोवर पुढे शिकायचे तर स्वीडिश येणे भागच होते. पुढे फिनिशने आपली जागा मिळवली आणि स्वीडिश ही अल्पसंख्याकांची भाषा झाली. आज देशातल्या सुमारे पाच टक्के लोकांची, म्हणजे तीन लाखांच्या आतबाहेर माणसांची, ती मातृभाषा आहे. कायद्याने दोन्ही भाषा राष्ट्रभाषा आहेत, त्यामुळे पूर्वप्राथमिकपासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण स्वीडिशमध्येही मिळावे लागते. ते देणारे शिक्षकही कुठेतरी तयार व्हावे लागतात.

तुर्कूला विद्यापीठाची परंपरा नवी नव्हती. १६४० साली तिथे राजाश्रयाने अकादमी स्थापन झाली होती. १८२७ च्या भीषण आगीत शहर बेचिराख झाले आणि पुढच्या वर्षी ती अकादमी हेलसिंकीला हलली. नव्वद वर्षांनी स्वीडिशभाषकांनी देणग्या गोळा करून त्याच शहरात पुन्हा विद्यापीठ उभे केले. १९८१ साली सरकारने ताब्यात घेईपर्यंत ते खासगीच होते. आज तिथे साडेपाच हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतील लाखोंच्या संख्येची सवय असलेल्या वाचकाला हा आकडा एखाद्या मोठ्या महाविद्यालयाचा वाटेल. पण एवढ्या विद्यापीठाला मानव्यविद्या, निसर्गविज्ञाने, धर्मशास्त्र, तंत्रज्ञान, अर्थशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या सगळ्या शाखा चालवाव्या लागतात. मोठ्या भाषेच्या विद्यापीठाला एखादी शाखा नसली तर विद्यार्थी शेजारच्या शहरात जातो. स्वीडिशभाषक विद्यार्थ्याला तशी शेजारची जागा देशात जवळजवळ नाहीच. हेलसिंकी विद्यापीठात काही विषय स्वीडिशमध्ये शिकता येतात, पण सगळे नाहीत.

शिक्षक-प्रशिक्षणाचा इतिहास मात्र तुर्कूत घडला नाही. उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने १८६३ साली युवास्क्युलाला फिनिश भाषेतले पहिले अध्यापक विद्यालय निघाले. स्वीडिशभाषक स्त्रियांसाठी १८७१ मध्ये दक्षिणेकडच्या एकेनेस गावी आणि पुरुषांसाठी १८७३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या न्यूकार्लेबी गावी अशीच विद्यालये सुरू झाली. इथून बाहेर पडणारे शिक्षक खेड्यांतल्या लोकशाळांत जात. विषयशिक्षकांची वाट वेगळी होती. ते विद्यापीठात पदवी घेत आणि मग एखाद्या आदर्श माध्यमिक शाळेत उमेदवारी करत. त्यात आधी मागच्या बाकावर बसून अनुभवी शिक्षकाचे तास ऐकायचे आणि पुढे स्वतः नमुना पाठ द्यायचे, असा क्रम असे. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला या उमेदवारीशी देणेघेणे नसे आणि शाळेतल्या मार्गदर्शकाला विद्यापीठात काय शिकवले जाते याची फारशी माहिती नसे. दोन्ही बाजू आपापल्या जागी उत्तम असूनही मधला सांधा उमेदवाराने एकट्याने जुळवायचा, ही त्या पद्धतीची मोठी उणीव होती.

१९७० च्या दशकात सगळेच बदलले. नऊ वर्षांची समान शाळा १९७२ ते १९७७ या काळात उत्तरेकडून दक्षिणेकडे टप्प्याटप्प्याने आली. हुशार मुलांना वेगळ्या शाळेत काढण्याची जुनी रीत बंद झाली, त्यामुळे सातवीच्या गणिताच्या शिक्षकासमोर आता सगळ्या गावाची मुले बसू लागली. आधीच्या निवडक वर्गासमोर केवळ विषयप्रभुत्वावर निभावून जात असे, ते इथे पुरेना. याच दशकात अध्यापक विद्यालये बंद होऊन शिक्षक-शिक्षण विद्यापीठांकडे गेले, आणि १९७९ पासून पदव्युत्तर पदवीची अट आली. ओबू अकादेमीने १९७४ मध्ये आपली शिक्षणशास्त्र शाखा तुर्कूत न काढता वासा शहरात काढली. स्वीडिशभाषकांची दाट वस्ती असलेल्या ऑस्ट्रोबोथ्निया प्रांताचे हे केंद्र आहे. तुर्कूपासून रस्त्याने ते सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर येते.

विषय तुर्कूत आणि अध्यापन वासात, हे अंतर या विद्यापीठातल्या विषयशिक्षकाच्या अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्यही आहे आणि अडचणही. पूर्ण पदवी ३०० श्रेयांकांची असते. त्यांपैकी १८० प्रथम पदवीचे आणि १२० पदव्युत्तर. एका वर्षाचे काम ६० श्रेयांकांचे, म्हणजे साधारण १,६०० तासांचे धरतात. त्यात व्याख्याने, वाचन, प्रयोगशाळा, लेखन सगळे आले. मुख्य विषयात किमान १२० श्रेयांक, दुसऱ्या अध्यापन विषयात ६० आणि अध्यापनशास्त्रात ६० अशी मुख्य वाटणी असते. उरलेल्या भागात भाषा, संशोधनपद्धती आणि ऐच्छिक विषय येतात. शेवटचा शोधनिबंध विषयातलाच असतो. इतिहासाचा भावी शिक्षक अभिलेखागारात बसून मूळ कागद वाचतो, रसायनाचा शिक्षक प्रयोगशाळेत स्वतःचे मोजमाप घेतो. सातवीला शिकवायला हे सगळे कशाला, असा प्रश्न फिनलंडमध्येही अधूनमधून विचारला जातो. पण ज्ञान कसे तयार होते हे स्वतः न अनुभवलेला शिक्षक पाठ्यपुस्तकाच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि जिज्ञासू मूल नेमके तिथेच प्रश्न विचारते. ही अट कायम ठेवण्यात शहाणपण आहे.

शिक्षक होण्याचा हक्क विषयाच्या प्रवेशाबरोबर आपोआप मिळेलच असे नाही. काही जण सुरुवातीलाच शिक्षकाच्या वाटेने प्रवेश घेतात. बाकीचे एकदोन वर्षे विषय शिकून अध्यापनाच्या अभ्यासासाठी वेगळा अर्ज करतात, आणि त्या वेळी त्यांची योग्यता पुन्हा तपासली जाते. तिसरी वाट पदव्युत्तर पदवी हाती घेतल्यानंतर एक वर्ष अध्यापनशास्त्र शिकण्याची. आपल्याकडच्या बी.एस्सी.नंतर बी.एड. करण्याशी ही तिसरी वाट जुळते.

तुर्कूतली पहिली वर्षे छोट्या विद्यापीठाचे गुण आणि मर्यादा दोन्ही दाखवतात. एखाद्या विषयाच्या चर्चासत्राला दहाबारा जण असतात. प्राध्यापक विद्यार्थ्याला नावाने ओळखतो, त्याने गेल्या वेळी कुठे घोटाळा केला हेही त्याच्या लक्षात असते. भावी शिक्षकासाठी ही मोठी शिकवणी आहे, कारण चूक कशी हेरावी आणि ती करणाऱ्याला न दुखावता कशी दाखवावी हे तो रोज समोर पाहत असतो. तीनशे जणांच्या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्याला हे पाहायला मिळत नाही. दुसरी बाजू अशी की अशा विभागाचा भार मोजक्या माणसांवर असतो. एक प्राध्यापक निवृत्त झाला की एका ज्ञानशाखेची दिशाच बदलू शकते. पुरेसे विद्यार्थी जमत नाहीत म्हणून काही अभ्यासक्रम दरवर्षी न घेता वर्षाआड घ्यावे लागतात. त्यांतला एखादा चुकला तर विद्यार्थ्याचे वेळापत्रक लांबते.

दुसऱ्या अध्यापन विषयाची निवड इथे सर्वांत कळीची ठरते. फिनलंडच्या शाळांत काही जोड्या रूढ आहेत. गणिताबरोबर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, जीवशास्त्राबरोबर भूगोल, इतिहासाबरोबर समाजशास्त्रीय विषय, एका परभाषेबरोबर दुसरी परभाषा. मुख्याध्यापकाला अशी जोडी असलेला माणूस हवा असतो, कारण लहान शाळेत एकाच विषयाचे तास पूर्ण पगाराला पुरत नाहीत. विद्यापीठात मात्र प्रत्येक विषय असतोच असे नाही. अशा वेळी फिनलंडच्या विद्यापीठांमधला एक करार कामी येतो. त्यानुसार एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्यात जाऊन काही अभ्यासक्रम करू शकतो आणि ते श्रेयांक त्याच्या पदवीत धरले जातात. तुर्कूत तर फिनिश माध्यमाचे तुर्कू विद्यापीठ शेजारीच आहे. तिथे जाणाऱ्या स्वीडिशभाषक विद्यार्थ्याची फिनिश पक्की होते, हा वरचा लाभ. पण जो विषय पुढे स्वीडिशमधून शिकवायचा तो फिनिशमधून शिकल्यावर परिभाषा स्वतःची स्वतः उभी करावी लागते. गोवा, बेळगाव किंवा बडोद्यात इंग्रजीतून विज्ञान शिकून मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांना हे काम नीट ठाऊक असेल.

वासातल्या अध्यापनशास्त्राच्या ६० श्रेयांकांची विभागणी २५ आणि ३५ अशा दोन टप्प्यांत असते. त्यांपैकी साधारण २० श्रेयांक प्रत्यक्ष वर्गातल्या सरावाचे. उरलेल्या भागात शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, विशेष गरजा असलेली मुले, शिक्षणसंशोधन हे सगळे येते. पण विषयशिक्षकाच्या दृष्टीने या वर्षाचे हृदय म्हणजे विषयाचे अध्यापनशास्त्र. महाराष्ट्रातल्या बी.एड.ला आशययुक्त अध्यापन पद्धती नावाचा जो भाग असतो, त्याच्याशी याचे नाते आहे. अमेरिकी अभ्यासक ली शुलमन यांनी १९८६ साली मांडले की विषय जाणणे आणि शिकवायची कला जाणणे यांच्या बेरजेने शिक्षक होत नाही. तो विषय शिकणाऱ्याला कसा दिसतो, कुठे अडतो, कोणत्या उदाहरणाने मोकळा होतो याचे एक तिसरे ज्ञान असते आणि ते केवळ शिक्षकापाशीच असते. युरोपात ही दृष्टी त्याआधीपासून होती. जर्मन विचारवंत वोल्फगांग क्लाफ्की यांनी १९५८ मध्ये शिक्षकाने पाठाच्या तयारीत स्वतःला विचारायचे प्रश्न मांडले होते. या आशयातून मुलाला कोणती व्यापक गोष्ट कळते, आज तिला त्याच्या आयुष्यात काय अर्थ आहे, उद्या काय असेल, आशयाची आतली रचना कशी आहे, कोणत्या उदाहरणाने ती दिसेल, असे ते प्रश्न. फिनलंडच्या शिक्षणशास्त्रावर या जर्मन परंपरेची छाप खोल आहे. वासातले प्राध्यापक मिखाएल उल्येन्स यांनी तिच्याच आधारे शाळेतल्या अध्यापनाचा सिद्धान्त मांडला.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे उतरते ते इतिहासाच्या एका पाठावरून समजते. १९१८ च्या जानेवारीत फिनलंडमध्ये यादवी पेटली. एका बाजूला कामगारांचे लाल रक्षक होते आणि दुसऱ्या बाजूला सरकारचे पांढरे सैन्य. हेलसिंकी लाल पक्षाच्या हाती गेल्यावर सरकार वासाला आले आणि काही महिने हेच शहर पांढऱ्या पक्षाची राजधानी झाले. युद्ध आणि त्यानंतरच्या बंदिछावण्या मिळून तीस हजारांहून अधिक माणसे मेली. सर्वांत कुप्रसिद्ध छावण्यांपैकी एक होती एकेनेसची. ज्या गावात मुलींचे अध्यापक विद्यालय होते, त्याच गावाजवळ उपासमारीने आणि रोगराईने कैदी मरत होते. आता वासाच्या शाळेत नववीला हा धडा द्यायचा असेल तर तारखा आणि लढाया सांगणे सोपे आहे. अवघड आहे ते वेगळेच. काही मुलांच्या घरात पणजोबांचा पांढऱ्या सैन्यातला फोटो लावलेला असतो. काही घरांत याबद्दल कधी बोललेच जात नाही. विषय जाणणाऱ्याला घटनाक्रम माहीत असतो. विषयशिक्षकाला याशिवाय हे ठरवता यावे लागते की कोणता मूळ कागद आधी वाचायला द्यायचा, दोन्ही बाजूंचे साक्षीदार कोणत्या क्रमाने आणायचे, आणि एखाद्या मुलाने घरचा शब्द उच्चारला तर त्याला न झिडकारता तो तपासायला कसे लावायचे. अशा एका तासाची तयारी, तो तास आणि त्यावरची चर्चा मिळून विद्यार्थी-शिक्षकाचा आठवडा खर्ची पडू शकतो, आणि तो योग्य खर्च आहे.

भाषेच्या शिक्षकापुढचे कोडे आणखी गुंतागुंतीचे. स्वीडिश माध्यमाच्या शाळेत फिनिश हा विषय असतो. वासाच्या दक्षिणेला नेर्पेससारख्या किनारी गावात मुलाच्या कानावर फिनिश क्वचितच पडते. हेलसिंकीच्या आसपास मात्र स्वीडिश शाळेतल्या कितीतरी मुलांची आई किंवा वडील फिनिशभाषक असतात आणि ती मुले दोन्ही भाषा घरातूनच घेऊन येतात. म्हणून फिनिशचे दोन वेगळे पाठ्यक्रम आहेत, एक ती नव्याने शिकणाऱ्यांसाठी आणि दुसरा मातृभाषेच्या अंगाने शिकणाऱ्या द्विभाषक मुलांसाठी. एकाच शिक्षकाला दोन्ही शिकवावे लागतात. पहिल्या गटाला नामाची पंधरा रूपे पायरीपायरीने द्यावी लागतात. दुसऱ्याला ती न शिकवताच येतात, पण लिहिताना बोलीतली भाषा कागदावर उतरते. स्वीडिशच्या शिक्षकालाही बोलींशी सामना असतो. ऑस्ट्रोबोथ्नियातल्या काही स्वीडिश बोली स्टॉकहोमच्या माणसाला कळत नाहीत. मुलाची बोली न हिणवता त्याच्या हाती प्रमाणभाषा देणे हे कौशल्य मराठी शिक्षकालाही परके नाही.

सराव विद्यापीठाच्या स्वतःच्या शाळेत होतो. वासाची सराव शाळा पहिलीपासून उच्च माध्यमिकपर्यंत चालते आणि तिथले शिक्षक मुलांना शिकवण्याबरोबर विद्यार्थी-शिक्षकांना मार्गदर्शनही करतात. हे त्यांच्या नोकरीतलेच काम असते, वरकड ओझे नसते. विद्यार्थी-शिक्षक आधी निरीक्षण करतो, मग जोडीने किंवा एकट्याने तास घेतो. पाठ टाचण आधी मार्गदर्शकाला दाखवावे लागते आणि तास झाल्यावर तिघेचौघे बसून त्याची चिकित्सा करतात. काही सराव बाहेरच्या साध्या शाळांतही होतो, कारण सराव शाळेतली मुले अनोळखी माणसाला सरावलेली असतात आणि नवख्याला सांभाळून घेतात. विद्यापीठाचा अध्यापनतज्ज्ञ आणि शाळेतला मार्गदर्शक एकाच शहरात, बहुधा एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणारे असल्याने जुन्या उमेदवारीतली दरी इथे बरीच बुजते. तरी एक मर्यादा राहते. छोट्या शाखेत प्रत्येक विषयाला स्वतंत्र अध्यापनतज्ज्ञ नेमणे परवडत नाही, म्हणून गणित आणि विज्ञानाचे किंवा निरनिराळ्या भाषांचे विद्यार्थी बऱ्याचदा एकत्र बसतात. ऋण संख्या शिकवताना मुले कुठे अडतात हे ऐकायला रसायनाचा विद्यार्थीही असतो. यात विषयांच्या सीमा ओलांडण्याची सवय लागते, पण स्वतःच्या विषयाच्या बारकाव्यांना वेळ कमी मिळतो.

एवढी तयारी करून घेण्यामागे व्यवस्थेचे कारण आहे. फिनलंडमध्ये पाठ्यपुस्तकांना सरकारी मंजुरी देण्याची पद्धत १९९२ मध्ये बंद झाली आणि शालेय तपासनीसही त्याच सुमारास गेले. राष्ट्रीय अभ्यासक्रम उद्दिष्टे आणि मुख्य आशय सांगतो, बाकीचे शाळा आणि शिक्षक ठरवतात. बारावीच्या शेवटी होणारी राष्ट्रीय परीक्षा सोडली तर बाहेरची परीक्षा नाही. गुण शिक्षकच देतो. अशा शाळेत कच्च्या शिक्षकाला आधार द्यायला वरून कोणी येत नाही. स्वीडिश शाळांत तर पुस्तकांचीही वानवा असते. काही पुस्तके फिनिशवरून भाषांतरित होतात आणि ती उशिरा येतात, काही विषयांत येतच नाहीत. स्वीडनमधली पुस्तके भाषेला जुळतात पण अभ्यासक्रमाला जुळत नाहीत. समाजशास्त्रीय विषयांत तर कायदे आणि संस्थाच वेगळ्या. म्हणून स्वतः पाठ्यसाहित्य तयार करणे हे ओबू अकादेमीच्या विषयशिक्षकासाठी नित्याचे काम होते, आणि त्याची सवय वासाच्या वर्षातच लागते.

विषय आणि अध्यापन शेजारीशेजारी शिकण्याची कल्पना भारतालाही नवी नाही. १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली, तिथे विज्ञान आणि शिक्षणशास्त्र यांचा चार वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम सुरू झाला. भोपाळची संस्था महाराष्ट्र आणि गोव्यासाठीही आहे. तरी आपल्या बहुसंख्य शिक्षकांनी आधी पदवी आणि मग बी.एड. हीच वाट धरली. २०२३-२४ पासून चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम देशभरातल्या निवडक संस्थांत पुन्हा आला आहे. तिथेही कळीचा मुद्दा तोच राहणार, की विषयाचे प्राध्यापक आणि शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक एकमेकांशी बोलतात का. एकाच आवारात असूनही ते बोलत नसतील तर चार वर्षे ही दोन अभ्यासक्रमांची नुसती शिवण होईल.

पदवी घेतल्यावर विषयशिक्षक नगरपालिकेच्या शाळेत अर्ज करतो, कारण फिनलंडमध्ये शाळा नगरपालिका चालवतात. आवश्यक पात्रता नसलेल्या माणसाला ठरावीक मुदतीपुरतेच नेमता येते. पात्र स्वीडिशभाषक शिक्षकांचा तुटवडा विशेषतः दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर जाणवतो, तर ऑस्ट्रोबोथ्नियात वासाजवळ राहू इच्छिणारे जास्त असतात. काही जण स्वीडनला जातात, कारण भाषा तीच आहे आणि पदवीला तिथे मान्यता मिळवता येते. काही ओलांड बेटांवर जातात. या स्वायत्त प्रांताची एकच अधिकृत भाषा स्वीडिश आहे आणि तिथल्या शाळेत फिनिश सक्तीची नाही. गणित किंवा इतिहासाच्या शिक्षकाला तिथे मुख्य भूमीवरचेच काम असते. फिनिशच्या शिक्षकापुढे मात्र ती शिकायची की नाही हे स्वतः ठरवणारी मुले बसतात.